तिसरा वाटा

नुकुनोनू,
२१ ऑगस्ट १९८८

ती. तेलेसिया वन्सं यांना,
अकाताचा सा. न. वि. वि.

बोट उद्या खडकाबाहेर येऊन उभी राहील असं रेडिओवर सांगितलंय. म्हणजे परवा आली तर आली. तेवढ्यात हे लिहून ठेवते. माझी पत्रं प्रार्थनेच्या पुस्तकासारखी वाटतात असं तुम्ही मागं हसून लिहिलं होतं. खरंच आहे. मी शाळेत गेले नाही. मिस्सा चालू असताना फादर काय म्हणतात ते ओळीवर बोट ठेवून जुळवत शिकले, मग भाषा तशीच होणार. आता तांदळाच्या पोत्यावरचंही वाचते आणि दुकानात सामान बांधून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडेही. बहुतेक बातम्यांना शेवट नसतो, तो मीच लावते.

ह्यांना जाऊन गुरुवारी दोन वर्षं झाली. फादरनी मिस्सा म्हटली, सगळं गाव आलं. नीरफणस भाजले होते. होडी छपराखाली आहे तशीच आहे. तोल धरणाऱ्या उलांडीची बांधणी सुटत चाललीय, मी हात लावला नाही.

वेलिंग्टनहून सरकारचे दोन साहेब बेटावर येऊन गेले. सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून विचारलं, तुम्हाला आमच्याबरोबर राहायचंय की वेगळं व्हायचंय. पालेनापा म्हणाले, वेगळं व्हायचं की नाही ते सावकाश बघू, आधी पुढची बोट कधी तेवढं सांगा. साहेबही हसले. बोटीचं मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. सालेसिओनं आईला पत्र लिहिलंय. नाताळाच्या आधीच्या बोटीनं मी निघायचं, पोरिरुआला त्याच्याकडे कायमचं राहायचं असं त्याचं म्हणणं आहे. मोनिकाला मार्चमध्ये बाळ होणार आहे, त्यांनी मला एक खोली रिकामी केलीय. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एकटी बाई इथं किती दिवस काढणार असं तो विचारतो. त्याचं चूक नाही.

पण जायचं तर दोन गोष्टी निस्तरून जायला हव्यात आणि दोन्ही तुम्हालाच विचारण्यासारख्या आहेत. पहिली माशांच्या वाटणीची. तुम्हाला इनाती काय सांगायची, तुमचे वडीलच ती करायचे. पण बावीस वर्षं झाली म्हणून सांगते, अजून तशीच होते. होड्या आल्या की सगळे मासे मैदानावर, माणशी एक वाटा, घराचं नाव पुकारायचं, कुणीतरी जाऊन उचलायचं. आता पालेनापा करतात. काल कुपा माशांचा मोठा थवा मिळाला. त्यांनी पेलेनातोचं घर म्हणून पुकारलं, मी गेले, आणि पानावर दोन वाटे होते.

वन्सं, गेली दोन वर्षं दोनच असतात. हे होते तेव्हा, सालेसिओ गेल्यावरही, तीन यायचे, ह्यांचा एक, माझा एक आणि तिसरा होडीचा, असं मी धरून चाललेले. हे तांडेल होते, तेव्हा होडीलाही मान असेल. आणायला हेच जात, मी कधी विचारलं नाही. आता होडी पाण्यात जात नाही, तिचा वाटा बंद झाला ते बरोबर. पण मग दुसरा ह्यांचाच. पालेनापांचं वय झालंय, ते नाव गाळायला विसरले आहेत. आणि मी गप्प बसून मेलेल्या माणसाचा वाटा खाते आहे.

पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन मासे घेऊन घरी येताना वाटायचं, आहेत घरी. दुसरा मासा मी ह्यांना आवडायचा तसा नारळाच्या दुधात शिजवायची. खायचीही मीच. आता गाव सोडताना हे अंगावर घेऊन जाववत नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी गेलेल्याचा वाटा किती दिवस ठेवत ते कळवा.

दुसरी गोष्ट घराची. घर तुमचं आहे. घर बहिणीचं, भावानं समुद्रातून आणून तिथं टाकायचं, ही इथली रीत. तुम्ही गेलात, घर बाईवाचून ओस पडू नये म्हणून ह्यांनी मला माहेरून उठवून इथं आणलं. मी राखणदार. मी गेले तर दोन वादळांत छप्पर जाईल. कुणाला देऊ ते सांगा.

थंडीला जपा. तुमच्या मनात मला जागा आहे तेवढी राहू द्या, एवढंच मागणं.

तुमची,
अकाता

~

पोरिरुआ,
१८ सप्टेंबर १९८८

प्रिय अकाता,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माशांचा भाग तीनदा.

आधी नियम. आमच्या आईला सकाळी पुरलं आणि त्याच संध्याकाळी बाबांनी मैदानावर आमच्या घराचे वाटे पाच ऐवजी चार मांडले. स्वतःच्या हातानं. मी रागावून बोलले की एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले की मी माझ्या घरी एक मासा जास्त ठेवला तर उद्या कुणाच्या घरी एक कमी पडेल. पालेनापा त्यांच्याच हाताखाली शिकले. ते विसरतील असं वाटत नाही, पण माणूस म्हातारं होतंच. तू निघण्याआधी त्यांना सांग आणि मोकळी हो. आपल्या वाट्यापेक्षा जास्त नेलेल्या घराबद्दल तिथं तीन पिढ्या बोलतात. चुलीमागं मासा लपवला त्या घरच्यांना अजून लोक काय म्हणतात ते आठव.

घराचं मला विचारू नकोस. जी खडक ओलांडून गेली तिचा वाटा संपला, ही रीतही तीच आहे. माझं नाव सहासष्ट सालीच गळलं असणार. बोटीवर चढले तेव्हाच मला ते कळलं होतं, आणि कळूनच चढले. सरकार तिकीट देत होतं, काम देत होतं, मी बत्तीस वर्षांची होते. तुला योग्य वाटेल त्याला घर दे.

इकडची बातमी अशी की रुग्णालयातलं माझं धुलाईचं काम संपलं. तिथल्या चादरी आता बाहेरच्या कंपनीकडे जातात. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, आता स्वतःची एक धुते. रडायचं कारण नाही. गुडघे तेवढे कुरकुरतात. आठवड्यातून एकदा बेकारभत्त्यासाठी सरकारी कचेरीत जाऊन बसते. आत गेलं की यंत्रातून एक चिठ्ठी ओढायची, तिच्यावर आकडा असतो. तो आकडा भिंतीवर उजळला की आपण उठायचं. परवा माझा त्रेसष्ट होता. शेजारी बसलेली फिजीची म्हातारी मला तासभर त्रेसष्टबाई म्हणत होती. हसले मी. घरी आल्यावर मात्र वाटलं, घराच्या नावानं कुणी आपल्याला पुकारलं त्याला किती वर्षं झाली.

तू ये. सालेसिओ चांगला आहे, मोटारींच्या कारखान्यातून आला की हात धुऊन आधी माझ्याकडे डोकावतो. तुझ्यासाठी एक कोट बघून ठेवलाय, हिरवा. मासे दुकानात मिळतात, बर्फावर झोपलेले. त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं नाही म्हणजे झालं. आपण दोघी मिळून पुढची थंडी काढू.

चुलखोलीमागचा नीरफणस अजून आहे का? सहज विचारलं.

लोभ कमी करू नकोस. इकडे त्याचीच टंचाई आहे.

तुझी,
तेलेसिया

~

नुकुनोनू,
१६ ऑक्टोबर १९८८

ती. वन्सं यांना,
अकाताचा सा. न. वि. वि.

नीरफणस आहे. एक फांदी गेल्या वर्षीच्या लाटांत गेली, बाकी उभा आहे. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही ते विसराल.

तुमचं पत्र आलं आणि तीन दिवसांनी होड्या भरून आल्या. मी ठरवूनच गेले. पालेनापांनी घराचं नाव पुकारलं, मी पान उचललं, एक वाटा घेतला आणि दुसरा त्यांच्यासमोर परत ठेवला. सगळं मैदान बघत होतं. मी म्हटलं की दोन वर्षं चूक होते आहे, तुमची नाही, माझी, मी बोलायला हवं होतं, आता जायची वेळ आली म्हणून सांगते, ह्यांचं नाव गाळा.

पालेनापांनी हातातला मासा खाली ठेवला. त्यांना राग आला होता. म्हातारा झालो म्हणून मोजणी विसरलो असं चारचौघांत म्हणतेस का, असं त्यांनी विचारलं. मग जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते.

"पेलेनातोचं नाव मी त्याला पुरला त्याच संध्याकाळी गाळलं, पोरी. हा वाटा तेलेसियाचा आहे."

मी तिथंच बसले. बायका मासे घेऊन थांबल्या होत्या. नंतर त्यांनी सांगितलं ते असं. तुमची बोट गेली त्या आठवड्यात तुमचं नाव गाळायची गोष्ट निघाली. हे उभे राहिले. तेव्हा वय काय त्यांचं, थोरांच्या सभेत बोलायचा अधिकारही नव्हता. म्हणाले की माझी बहीण कामाला गेली आहे, काम झालं की येईल, तोवर भावानं तिचा मासा आणायचा नाही तर मग समुद्रावर जायचंच कशाला. तुमच्या वडिलांना ते पटलं नाही. आपल्याच घराला एक जास्त म्हणून ते मांडायला तयार होईनात. शेवटी थोरांनी सांगितलं की दर वर्षी नवीन वर्षाच्या मोजणीला कुणी उभं राहून सांगेल तोवर ठेवू. हे दर वर्षी उभे राहिले. वीस वर्षं. मोजणीला पुरुषच बसतात, मला काय कळणार. आणि गावाला माहीत होतं, पण मला माहीत नाही हे कुणाला माहीत नव्हतं. हे गेल्यावर पालेनापांनी आपणहून ठेवलं. म्हणाले की त्याला उठून उभं राहता येत नाही, म्हणून त्याचा शब्द पडला असं होत नाही.

म्हणजे तो तिसरा वाटा होडीचा नव्हता. मी दोन वर्षं तुमचा मासा ह्यांच्यासाठी शिजवत होते. ह्यांचं काही घरी येतच नव्हतं. हे कळलं त्या दिवशी चूल पेटवली नाही. आता पेटवते. खोटं बोलत नाही वन्सं, थोडा राग आला, तुमच्यावर नाही, ह्यांच्यावर. मला सांगायला काय झालं होतं. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी विचारलं असतं की वन्सं कधी येणार, आणि त्याला ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

एक आठवलं. सुरुवातीच्या वर्षांत हे दर बोटीला सुकवलेल्या कुप्याचं पुडकं तुम्हाला पाठवत. केवड्याच्या पातीत बांधून वर कापड शिवायचे, टाके माझ्यापेक्षा बारीक. मग एका वर्षी थांबले. विचारलं तर म्हणाले, पोस्टाचं काहीतरी आहे.

आता अडचण अशी. मी डिसेंबरात गेले तर जानेवारीच्या मोजणीला आमच्या घरचं सांगायला कुणी उरत नाही. पालेनापांनी सांगितलं की मग त्यांना काही करता येणार नाही, दोन्ही वाटे जातील आणि घराचं नाव पुकारायचं बंद होईल. त्यांनी हे रागानं सांगितलं नाही. पण सालेसिओला मी आठ दिवसांपूर्वीच तारेनं हो कळवून बसले आहे, तो सुट्टी मागून बसला आहे. पेटीत कपडे भरले आहेत. ह्यांचे शिंपल्याचे गळ त्यांच्या लाकडी डब्यात तसेच ठेवले, तो डबा मात्र कुणाला द्यायचा ते ठरत नाही.

तुमचं तुम्हाला सांगितलं. काय करायचं ते मला कळत नाही.

माझ्यावर माया आहे ती ह्या पत्रानंतरही राहो.

अकाता

~

पोरिरुआ,
९ नोव्हेंबर १९८८

प्रिय अकाता,
अ. आ.

पोस्टाचं काही नव्हतं. मी लिहिलं होतं त्याला.

चौऱ्याहत्तर साली. तेव्हा मी एका बाईच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. पुडकं आलं की जिन्यापासून वास सुटायचा. बाई खिडक्या उघडायची, बोलायची काही नाही, फक्त उघडायची, जुलैच्या थंडीत. मला लाज वाटायची. मी त्याला लिहिलं की आता पाठवू नकोस, इथं सगळं डब्यात मिळतं, आणि तुझ्या माशांनी मला घर बदलावं लागेल. त्या शेवटच्या पुडक्यातला एक तुकडा मी खाल्ला आणि बाकीचं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. त्याचं पुढचं पत्र आलं त्यात माशांचं नावही नव्हतं. हवा, चर्च, सालेसिओचा दात. मी समजले की तो रागावला आणि माझं त्याच्यापुरतं संपलं.

ती भेट नव्हती, अकाता. माझा वाटा होता. तो मला पोचता करत होता, आणि मी तो टाकला.

तुझं पत्र घेऊन मी कचेरीत गेले होते. माझा आकडा उजळला. एकोणीस. मी उठले नाही. वीस झाला, एकवीस झाला. मग बाहेर आले आणि तिकिटं विकतात तिथं गेले.

आपियापर्यंत विमान, तिथून नाताळाआधीची बोट. तीच बोट, जी तुला न्यायला येते. तू तुझं काही बदलू नकोस. तू खुशाल सालेसिओकडे जा, नातवंडाला बघ. मी घरात राहीन आणि जानेवारीत उभी राहीन. बायकांना मोजणीत बसू देत नाहीत हे ठाऊक आहे. बसणार नाही, उभीच राहीन.

भीती आहे. कामधाम संपल्यावर आली असं म्हणतील. आणि खरंच आहे ते. मला नारळ सोलता येत नाही आता, गुडघ्यांनी विहिरीपर्यंत जाणंही कठीण. अळूचे कंद खणणं तर सोडच. परत येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची असते, कोण शिकवणार? पालेनापांना आधी सांगू नकोस. मी आलेच नाही तर त्यांना दुसऱ्यांदा मोजायला नको.

कोट सालेसिओकडे ठेवला आहे. हिरवा.

जसा लोभ करत आलीस तसा कर. मी त्याला कमी पात्र आहे हे आता तुला कळलंच आहे.

तेलेसिया

~

नुकुनोनू,
४ जानेवारी १९८९

चि. सालेसिओ यास,
आईचे अनेक आशीर्वाद. मोनिकालाही.

तार मिळाली असेल. तारेत कारण सांगता येत नाही म्हणून रागावला असशील. आता सांगते, सगळं वाच आणि मग राग.

बोट चौदा डिसेंबरला आली. माझी पेटी किनाऱ्यावर होती, माझ्या अंगावर पांढरे कपडे, गळ्यात बायकांनी घातलेल्या माळा, सगळ्यांचं रडून झालेलं. पत्र्याच्या होडीतून उतरणाऱ्यांत तुझी आत्या होती. पायात बूट. खडकावर बूट घालून उतरणारी ती पहिलीच बाई असेल, एक बूट तिथंच अडकला. तो काढायला तीन बाप्ये लागले आणि हसायला सगळं गाव. तिची पेटी माझ्या पेटीशेजारी ठेवली. आम्ही दोघी आपापल्या पेटीवर बसलो. ती म्हणाली की जा, बोट थांबणार नाही. मी म्हटलं, जाते. कुणीच उठलं नाही.

तेवढ्यात होड्या आल्या. बोट येते त्या दिवशी कुणी फार लांब जात नाही, पण थवा दारातच मिळाला होता. पालेनापा मैदानावर बसले, मासे मांडले. बोटीचे लोक घाई करत होते, पण मासे मैदानावर आले की ते कुणासाठी थांबवत नाहीत हे तुला ठाऊक आहे. आपल्या घराचं नाव पुकारलं. मी सवयीनं उठले आणि परत बसले. आत्याकडे बघितलं. ती एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी अशी चालत गेली. मैदान काही मोठं नाही, पण तिला बराच वेळ लागला. पानावर दोन वाटे होते. ती उभी राहिली. पालेनापांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि कशी आहेस, कधी आलीस, काही नाही.

"उशीर केलास," ते म्हणाले. "माशा बसल्यात त्याच्यावर."

ती खाली बसून रडली तशी मी तुझे वडील गेले तेव्हाही कुणाला रडताना बघितलं नाही. मग उठली, दोन्ही वाटे उचलले आणि माझ्यासमोर आणून ठेवले. मला विचारलं की मीठ कुठं आहे. मीठ माझ्या पेटीत होतं, बाळा. घरातलं सगळं मीठ मी तुझ्यासाठी बांधलं होतं. पेटी उघडावी लागली. एकदा उघडली ती उघडलीच, आणि बोट गेली.

तिला खरंच काही येत नाही. नारळ सोलताना तिनं खुंट्याला शिव्या दिल्या. पण मासा साफ करायला हात विसरले नाहीत. तुझ्या वडिलांचा डबा मी तिला दिला. तिनं गळ एकेक करून पुसले आणि म्हणाली की होडीची बांधणी सुटलीय, कुणाला तरी बोलवायला हवं. दोन वर्षं मला ते म्हणता आलं नव्हतं. उद्या बांधणारे येणार आहेत. ह्यांच्या जागी दुसरं कुणी बसेल. बघायला जड जाईल. बघेन.

परवा मोजणी झाली. ती दारात जाऊन उभी राहिली. कुजबुज झाली, पालेनापांनी हात वर केला. तिनं सांगितलं की आमच्या घरी दोघी आहेत. त्यातली एक पुढच्या महिन्यात नातवंडाच्या कामाला पोरिरुआला जाईल आणि काम झालं की येईल. तोवर तिचा वाटा ठेवा. थोरांनी मान डोलावली.

तेव्हा मी येते आहे, फेब्रुवारीच्या बोटीनं. कायमची नाही, भेटायला. खोली रिकामी केलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, बाळाला लागेल. हिरवा कोट मी घालीन, परत येताना मोनिकाला देईन. मी म्हातारी एकटी राहीन ही तुझी काळजी होती ना. आता आम्ही दोघी भांडायला एकमेकींना पुरतो.

आईवर जीव लावला आहेस तसाच राहू दे. खाली आत्याला चार ओळी लिहायच्या आहेत.

तुझी,
आई

चि. सालेसिओ,
तुझ्या आईच्या वाट्याचे मासे मी आत्तापासून सुकवायला लागले आहे. ती तिकडे असेल तोवर दर बोटीला पुडकं येईल. वास येईल. शेजारी काय म्हणतात ते मला लिहायचं नाही.
आत्या